भट्टी आधी, बाजार शेवटी: हनोईजवळच्या बात चांग कुंभारगावाची फेरी

कोल्हापुरातून निघणाऱ्या व्हिएतनामच्या टूरमध्ये हनोई, हा लाँग बे, दा नांग, होई आन, हो ची मिन्ह सिटी ही नावे ठरलेली असतात. कुंभारगाव असलेच तर कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी, 'सिरॅमिक मार्केट, एक तास' अशा एका ओळीत. त्या तासात बस दुकानांच्या रांगेपुढे थांबते, लोक कपबशा घेतात आणि परत बसमध्ये बसतात. सहाशे वर्षांच्या आसपास ज्या गावात भांडी घडत आली आहेत, तिथे जाऊन फक्त दुकान बघून परतणे फार वाईट. आधी थोडी आखणी केली तर अर्ध्या दिवसात मातीपासून भट्टीपर्यंत सगळे ओळीने बघता येते, आणि मग खरेदीही डोळसपणे होते.

हे गाव म्हणजे बात चांग. हनोईच्या मध्यापासून साधारण १३ ते १५ किलोमीटरवर, आग्नेयेला, लाल नदीच्या डाव्या काठावर आहे. नकाशात 'बात ट्रांग' टाइप केले की सापडते. ड्रायव्हरला सांगताना 'बात चांग' म्हणा. न्गुयेन त्राई या जुन्या व्हिएतनामी विद्वानाच्या १४३५ च्या भूगोलग्रंथात इथल्या वाडग्यांचा उल्लेख आहे. माती आणि सरपण नावेने येई, तयार माल नावेनेच राजधानीत जाई, म्हणून नदीकाठी हा धंदा रुजला आणि टिकला.

कोणते गाव घ्यायचे

व्हिएतनामात कुंभारगावे अनेक आहेत आणि प्रत्येकाचे काम वेगळे. टूर हनोईहून असेल तर बात चांग. इथे झिलई, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, चढवलेली, कडक भाजलेली भांडी होतात. टूर दा नांग किंवा होई आनपुरतीच असेल तर होई आनपासून अवघ्या तीन किलोमीटरवर थू बोन नदीकाठी 'थान्ह हा' नावाचे गाव आहे. तिथे बिनझिलईची तांबूस भांडी होतात. एक बाई पायाने चाक फिरवते आणि दुसरी त्यावर भांडे घडवते. प्रवेशाला तिकीट आहे, त्यासोबत मातीची छोटी शिट्टी मिळते. लहान मुले बरोबर असतील तर थान्ह हा जास्त सोयीचे, कारण गाव आटोपशीर आहे आणि होई आनहून सायकलवरही जाता येते.

तिसरे बाउ त्रुक, दक्षिणेकडे फान रांग शहराजवळ. चाम लोकांचे हे गाव चाक वापरतच नाही. मातीचा गोळा स्थिर ठेवून बाई त्याच्याभोवती फिरत भांडे घडवते, आणि भांडी उघड्यावर लाकूड-पेंढ्यात भाजतात. युनेस्कोने २०२२ मध्ये ही कला तातडीने जपण्याच्या यादीत घेतली. कुंभारकामाची खरी ओढ असेल तर तिकडे वाट वाकडी करावी. नेहमीच्या आठ दिवसांच्या टूरमध्ये ते बसत नाही.

पुढचे सगळे बात चांगबद्दल आहे.

निघण्याआधी एक फेरी कोल्हापुरातच

गंगावेस, शाहूपुरी किंवा बापट कॅम्पातल्या कुंभार वस्तीत एक सकाळ काढा. गणपतीच्या आधीचे महिने टाळा, तेव्हा कुणाला मान वर करायला फुरसत नसते. तीन गोष्टी हाताळून बघा: शाडूची मूर्ती, भाजलेली पणती, पाण्याचा माठ. शाडूची मूर्ती भाजलेलीच नसते, म्हणून ती पाण्यात विरघळते. पणती आणि माठ साधारण ७०० ते ९०० अंशांत भाजलेले असतात. माती घट्ट होते पण छिद्रे उरतात. त्या छिद्रांतून पाणी झिरपून वाळते, म्हणून माठातले पाणी गार राहते. बात चांगची भांडी १२०० अंशांच्या वर जातात. तिथे मातीतले काही घटक वितळून छिद्रे बुजतात आणि झिलईची काच होते. गावात जे जे दाखवतील ते या एका फरकापाशी येते, आणि आपल्याकडचा माठ हाताळून गेलेल्या माणसाला तो फरक गाइडने सांगण्याआधीच कळतो.

ई-व्हिसा व्हिएतनाम सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. एका प्रवेशाचे शुल्क २५ डॉलर, मुदत ९० दिवसांपर्यंत. आपल्याकडे पासपोर्टवर नावासोबत वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असते; अर्जात नाव आणि आडनाव पासपोर्टवरच्या रकान्यांप्रमाणेच भरा. एक अक्षर इकडेतिकडे झाले तरी विमानतळावर अडतात, आणि चुकीच्या अर्जाचे पैसे परत मिळत नाहीत. तिकीट काढताना चेक-इन सामान आहे का ते बघा. स्वस्त तिकिटात ते बहुधा नसतेच, आणि सात किलोच्या हँडबॅगेत भांडी आणि कपडे दोन्ही मावत नाहीत.

महिना कोणता? नोव्हेंबर ते जानेवारी सगळ्यात बरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये हनोईत बारीक पाऊस आणि दमट हवा असते, कच्ची भांडी वाळतच नाहीत. जून ते ऑगस्ट उकाडा आणि पाऊस, त्यात भट्टीजवळ उभे राहवत नाही. तेत, म्हणजे त्यांचे नवीन वर्ष, जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही येते. त्या आठवड्यात कारागीर सुट्टीवर असतात, भट्ट्या थंड असतात. तेव्हा जाऊ नका. वारात शनिवार-रविवार टाळा, शहरातली कुटुंबे मुलांना घेऊन येतात आणि चाकापुढे रांग लागते.

टूर ठरवताना विचारायचे प्रश्न

टूरवाल्याला चार प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. जुन्या गावातल्या गल्ल्यांत नेणार की फक्त बाजारात? चालू असलेला कारखाना आणि भट्टी दाखवणार का? चाकावर बसायला मिळेल का, आणि त्याचे पैसे टूरमध्ये धरलेत की वेगळे? आपण केलेले भांडे भाजून मिळेल का? शेवटच्या प्रश्नावर 'हो, हो' असे मोघम उत्तर आले तर किती दिवसांत आणि कुठे मिळेल, ते पुन्हा विचारा.

दुकानात थांबा नसलेली टूर शोधत बसू नका, तशी मिळत नाही. थांबा कितीचा आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, एवढे मात्र ठरवून घ्या. गाइडला दुकानाकडून कमिशन मिळणे तिथे रीतीचे आहे. त्यात फसवणूक असतेच असे नाही, पण तो तुम्हाला एकाच दुकानात का रेंगाळू देतो हे त्यावरून समजते.

दहा-बाराजणांपेक्षा मोठा गट नको. कारखान्यातल्या वाटा दीड-दोन फुटांच्या, दोन्ही बाजूंना कच्च्या भांड्यांच्या फळ्या. चाळीस माणसे आत शिरली की मागच्यांना काही दिसत नाही आणि कुणाची तरी पिशवी फळीला लागते. गट मोठा असेल तर दोन भाग करा, एक चाकावर आणि एक भट्टीकडे, मग अदलाबदल.

गाइड नको असेल तर लाँग बिएन बस स्थानकावरून ४७ए (47A) क्रमांकाची बस थेट गावात जाते आणि तिकीट अगदी स्वस्त आहे. पण पहिल्या फेरीला गाइड घ्यावा असेच आमचे मत. कारखाने म्हणजे लोकांची घरे आहेत. खाली भट्टी, वर बिऱ्हाड. अनोळखी माणूस दार ढकलून आत जाऊ शकत नाही; ओळखीचा गाइड जाऊ शकतो.

गावात क्रम कसा लावायचा

हनोईहून सकाळी आठला निघा, गाडीने पाऊण तास धरा. साडेअकरा ते दीड ही तिथे जेवणाची आणि विश्रांतीची वेळ. कारखान्यांत शुकशुकाट होतो. म्हणून चालू काम बघायचे ते सकाळीच.

आधी नदीकडच्या जुन्या गावात. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून स्कूटर आली तर भिंतीला चिकटावे लागते. कोळशाच्या भट्ट्या होत्या तेव्हा कोळशाच्या भुकटीचे गोळे याच भिंतींवर, आपल्याकडे शेणी थापतात तसे, थापून वाळवत. काही भिंतींवर ते डाग अजून दिसतात. नदीकाठी गावाचे सामाईक देवालय आहे. दुसऱ्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे बहुधा मार्चमध्ये, तिथे उत्सव भरतो.

मग कारखाना. गाइडला सांगून काम याच क्रमाने बघा: माती, साचा किंवा चाक, वाळवण, चित्रकाम, झिलई, भट्टी. इथली रोजची भांडी बहुतेक साच्यातून निघतात. चाक आता खास भांड्यांना आणि पाहुण्यांना उरले आहे. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या साच्यात मातीचा पातळ घोळ ओततात, प्लॅस्टर पाणी शोषते, कडेला मातीचा थर धरतो, उरलेला घोळ ओतून काढतात. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे शिवण राहते. ती चाकूने आणि ओल्या स्पंजने काढणारी बाई शोधा आणि तिचे हात पाच मिनिटे बघा. चांगल्या आणि सुमार मालातला अर्धा फरक तिथेच ठरतो.

निळी नक्षी कोबाल्टची. कच्ची असताना ती राखाडी, मळकट दिसते. निळेपण भट्टीत येते. पारंपरिक पद्धतीत वाळलेल्या कच्च्या भांड्यावरच चित्र आणि झिलई करून एकदाच भाजतात. काही कारखाने आधी हलके भाजून घेतात. भांड्याच्या बुडाची कड पुसून कोरी ठेवतात, कारण तिथे झिलई राहिली तर भांडे भट्टीच्या फळीला कायमचे चिकटते.

वाळत ठेवलेल्या भांड्यांना बोटही लावू नका. वाळलेली कच्ची माती खडूइतकी ठिसूळ असते, कानाला धरून उचललेला कप कानासकट हातात येतो. फोटोआधी विचारा, मोबाईल दाखवून नजरेने विचारले तरी पुरते. 'सिन चाऊ' म्हणजे नमस्कार, 'काम अन' म्हणजे धन्यवाद.

भट्टीपाशी घाई करू नका

गावात जपून ठेवलेली जुनी भट्टी बघायला मिळेल असे गाइडकडून आधीच कबूल करून घ्या. भट्ट्यांचे प्रकार काळानुसार बदलत गेले. आधी बेडकासारखी बसकी भट्टी, मग लांबट, मग विसाव्या शतकात भोपळ्यांच्या माळेसारखी, पाच ते सात फुगीर कप्प्यांची आणि उतारावर चढत जाणारी. उतारामुळे जाळ आपोआप पुढच्या कप्प्यात ओढला जातो आणि एका कप्प्याची वाया जाणारी उष्णता पुढच्याला तापवते. भांडी उघडी ठेवत नसत; जाड मातीच्या डब्यांत घालून डबे एकावर एक रचत, म्हणजे राख झिलईवर पडत नसे. नंतर कोळशाच्या पेटीसारख्या उभ्या भट्ट्या आल्या आणि त्यांच्या धुराने गाव काळवंडले. आता जवळजवळ सगळे गॅसवर आहे.

चालू गॅसभट्टी दिसली तर गाइडला विचारायला लावा: किती अंश, किती तास, आणि थंड व्हायला किती. भाजणे आणि थंड होणे मिळून एक दिवस सहज जातो. घाईने दार उघडले तर गार हवेच्या झोताने भांडी तडकतात.

चाकावर बसल्यावर

नखे आदल्या दिवशी कापा, अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवा, बाह्या कोपराच्या वर. पांढरी माती धुतल्यावर निघते, पण ओल्या कपड्यांनी पुढचा दिवस काढावा लागतो. एक जुना शर्ट जवळ ठेवा.

पहिल्यांदा वाटी किंवा पसरट पेला करा, फुलदाणी नको. माती अर्धा ते पाऊण किलो पुरे. गोळा चाकाच्या मधोमध जोरात आपटून बसवा आणि कडेने दाबा. मग कोपर मांडीवर टेकवा, हात ओले करा आणि दोन्ही तळव्यांनी गोळा डगमगेनासा होईपर्यंत दाबून धरा. शिकाऊंची भांडी इथेच बिघडतात. गोळा किंचित बाजूला असला तर पुढे भिंत एकीकडे जाड, एकीकडे पातळ होते आणि पातळ बाजू बसते. कोपर हवेत असेल तर चाक हाताला हलवते. कोपर टेकलेले असेल तर हात चाकावरच्या मातीला सरळ करतो.

मध्यभागी अंगठा घालताना बुडाला ८ ते १० मिलिमीटर माती ठेवा. बूड आतून बोटांनी दोन-तीनदा दाबून घ्या. न दाबलेले बूड वाळताना नागमोडी तडकते. भिंत उचलताना आतली बोटे आणि बाहेरची बोटे समोरासमोर, हळूहळू खालून वर, भिंत ५-६ मिलिमीटरपर्यंत. पाणी कमी वापरा. हात सरकत नाही म्हणून सारखे पाणी ओतले की माती फुगते आणि भांडे एकदम खाली बसते. शेवटी आतले साचलेले पाणी स्पंजने काढा आणि चाक हळू करून दोऱ्याने कापा. बाजूचा कारागीर मदतीला हात पुढे करेल. पहिली दहा मिनिटे त्याला नम्रपणे थांबवा, नाहीतर भांडे त्याचेच होते.

वाळून आणि भाजून भांडे १० ते १५ टक्के आकसते. दहा सेंटिमीटरची वाटी नऊच्या आत येते, म्हणून हवी त्यापेक्षा मोठी करा.

आता भाजण्याचा प्रश्न. पुष्कळ ठिकाणी भांडे हेअर ड्रायरने वाळवून, वर रंग देऊन लगेच हातात देतात. ते कच्चेच असते. त्यात पाणी घातले तर ते विरघळते, रंगही खाण्याच्या भांड्याचा नसतो. भाजून हवे असेल तर कार्यशाळा हनोईतल्या पहिल्या दिवशी ठेवा आणि परतीचे विमान हनोईहूनच घ्या. आठवडाभर मिळाला तर बहुधा काम होते. कुरियरने कोल्हापूरला मागवणे एका वाटीसाठी परवडत नाही. कच्चे भांडे घरी आणून इथल्या कुंभाराच्या आव्यात भाजता येते, पण आधी ते आठ-पंधरा दिवस सावलीत पूर्ण वाळू द्या. ओल राहिली तर आत वाफ होऊन भांडे फुटते आणि शेजारच्या मालाचेही नुकसान करते. ते माठासारखेच झिरपते राहील, कारण आपला आवा तेवढा तापत नाही.

संग्रहालय आणि जेवण

चाकानंतर गावातल्या नव्या हस्तकला संग्रहालयात तासभर जा. फिरत्या चाकांसारखी वर उमलणारी सात वळणे अशी ती इमारत वास्तुकार होआंग थुक हाओ यांची, बाहेरूनही बघण्यासारखी. जेवणात बांबूचे कोंब आणि माकुळाचे सूप ही गावाची खासियत. शाकाहारी असाल तर 'चाय' हा शब्द सांगा, आणि माशाचा सॉस नको हेही सांगा. भाजीतही तो घालतात. शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी-दशम्या सोबत असल्या तर दुपार निभते.

खरेदी

नोटांकडे नीट बघा. २०,००० आणि ५,००,००० डाँगच्या दोन्ही नोटा निळसर आहेत आणि घाईत हमखास अदलाबदल होते. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. एका रुपयाला साधारण ३०० डाँग असा ढोबळ हिशेब पुरतो, त्या दिवशीचा दर बघून घ्या. रुपये तिथे सहज बदलून मिळत नाहीत, न फाटलेले, न दुमडलेले डॉलर न्या. बाजारातल्या गाळ्यांवर थोडी घासाघीस चालते. कारागिराच्या घरात किंमत लिहिलेली असेल तर ती द्या.

भांडे हातात घेतल्यावर ते सपाट काचेवर ठेवा, डुगडुगते का बघा. बोटाच्या टोकाने हलके वाजवा: स्वच्छ नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी केसासारखी चीर आहे. बुडाच्या कोऱ्या कडेवर पाण्याचा थेंब टाका. तो तसाच राहिला तर भांडे पक्के भाजलेले. लगेच शोषला तर कमी भाजलेले, ते शोभेला घ्या, जेवणाला नको.

हाताचे चित्र म्हणून छापील स्टिकरचे चित्र विकणारे असतात. मोबाईलचा कॅमेरा मोठा करून बघा: छपाईत बारीक ठिपके दिसतात, आणि दोन भांड्यांवरची पाने तंतोतंत सारखी असतात. हाताच्या कामात कुंचल्याची रेघ जाड सुरू होऊन बारीक संपते. छापील घेण्यात वावगे नाही, फक्त हाताच्या कामाची किंमत देऊ नका.

तडकलेल्या झिलईची भांडी बात चांगची जुनी ओळख आहे. गार होताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसते आणि तिच्यात जाळे पडते. दिसायला फार देखणी, पण आपल्या स्वयंपाकघराला सोसत नाहीत: हळद आणि तांबड्या रश्श्याचा तेलकट रंग त्या चिरांत उतरतो आणि निघत नाही. त्या झिलईची फुलदाणी घ्या. रश्श्याच्या वाट्या एकसंध झिलईच्या घ्या. आतून भडक लाल-पिवळे, बोटाला खरखरीत लागणारे वरचे रंग असलेली भांडी खाण्यासाठी टाळा. अशा रंगांत शिसे असू शकते. सोनेरी कड असेल तर मायक्रोवेव्ह नाही.

'शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचे' म्हणून काही दाखवले तर घेऊ नका. खरे असेल तर देशाबाहेर नेता येत नाही, खोटे असेल तर पैसे गेले. नव्या मालाची पावती जपून ठेवा.

बांधणी आणि परतीचा प्रवास

दुकानदार कागदात गुंडाळून देतो, ते पुरेसे नसते. भांड्याच्या पोटात मोजे किंवा कागद दाबून भरा, कानाभोवती आणि चोचीभोवती वेगळी गुंडाळी करा, झाकण वेगळे बांधा. ताटल्या आडव्या रचू नका, उभ्या कडेवर ठेवा; आडव्या रचल्या तर वरचा भार खालचीवर येतो. बॅगेच्या प्रत्येक बाजूपासून चार बोटे कपड्यांचा थर असू द्या. बॅग बंद करून हलवा. आत काही वाजले तर पुन्हा उघडा. सहा पेले आणि किटलीचा संच दोन किलोच्या आसपास धरून वजनाचा हिशेब करा.

मुंबईत उतरल्यावर बॅग ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकू नका. तिथे भांड्यांवर इतरांच्या सुटकेसा येतात आणि रात्रभर हादरे बसतात. पायाशी किंवा मांडीवर ठेवा. रेल्वेने येत असाल तर खालच्या बर्थखाली.

घरी आल्यावर प्रत्येक भांड्यात पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर ते भांडे पेन-पेन्सिलीला. बाकीची वापरा, पण फ्रिजमधून काढलेल्या वाटीत उकळता रस्सा ओतू नका आणि यातले एकही भांडे गॅसच्या शेगडीवर चढवू नका.